आर्मीचा ॲक्सल घातल्यापासून शाफ्टचा क्रॉस सारखा तुटतोय? नवा घेण्याआधी तुटलेला नीट बघा

सात महिन्यांतला चौथा क्रॉस (चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा, युनिव्हर्सल जॉइंट) गेला तो वाशीच्या खाडीपुलावर, मे महिन्यातल्या एका रात्री. आधी सीटखालून ती ओळखीची गुणगुण, मग टकटक, मग एकदम खणखणाट. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. घरंगळत कडेला आणली, सवयीने हँडब्रेक ओढला आणि खाली उतरलो, तर जीप माझ्या डोळ्यांदेखत मागे सरकायला लागली.

जुनी जीप चालवणाऱ्यांनी हे एकदा डोक्यात पक्कं करून ठेवा. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा डबा, त्याच्या मागच्या तोंडाशी एक ड्रम असतो. तो धरला की शाफ्ट धरला जातो आणि शाफ्टमुळे चाकं. शाफ्टच सुटला असेल तर तुम्ही हवेला ब्रेक लावलेला असतो. उडी मारून आत बसलो, पायाने ब्रेक दाबून धरला आणि मित्राने जॅकखाली ठेवायचा लाकडी ठोकळा टायरमागे सरकवला. (नंतर सुचलं: फोर बाय फोरचा दांडा टाकून गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडली असती तर पुढच्या चाकांनी धरली असती. पण अशा वेळी सुचतं कुठे.) मागचा शाफ्ट पूर्ण काढून गाडीत टाकला आणि पुढच्या दोन चाकांवरच, वीस-पंचवीसच्या वेगाने, चेंबूरला घरी आलो.

माझ्यासारखं लक्षण असेल तर पुढचं वाचा. मोठे टायर झेपावेत म्हणून भंगारातला आर्मीचा जाडजूड ॲक्सल घातलाय, ॲक्सलला काही होत नाही, पण प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस काही महिन्यांनी तुटतो, आणि तुटण्याआधी साधारण पन्नास-साठच्या वेगाला सीटखाली गुणगुण येते. मी चार क्रॉस, एक बॅलन्सिंग आणि एका मेकॅनिकशी भांडण एवढं खर्चून कारणापर्यंत पोहोचलो. कारण क्रॉसमध्ये नव्हतंच.

आधी गाडीत काय काय बदललं होतं ते सांगतो, कारण अर्धी गोम त्यातच आहे. जीप जुनी महिंद्राची. तिच्या मूळ गोळ्यात (डिफरेन्शियलमध्ये) क्राउन या मोठ्या चक्राला 39 दाते आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला 8, म्हणजे रेशो 4.88, शाफ्टचे तेवढे फेरे तेव्हा चाकाचा एक. टायर 29 इंची. मला 33 इंची टायर लावायचे होते. ते लावल्यावर कर्जतकडच्या एका ओढ्यात मूळचा हाफ शाफ्ट (गोळ्यापासून चाकापर्यंतचा दांडा) पिळून तुटला, तेव्हा आर्मीच्या ॲक्सलचं वेड डोक्यात शिरलं. लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात, तोडणारे अख्खा लॉट उचलतात, आणि त्यातले सुटे भाग फिरत फिरत कुर्ल्याला सीएसटी रोडवर येऊन पडतात. जोंगाचे ॲक्सल, एकटनी गाडीचे ॲक्सल, कधी शक्तिमान ट्रकचेही, पण ते जीपखाली घालणं म्हणजे बोकडाला हत्तीचे पाय. जोंगा अनेकांना नुसती नावाने माहीत असते. निसान पॅट्रोल या गाडीच्या 60 मालिकेवरून जबलपूरला बनलेली, 3956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली ती गाडी. नावही जबलपूरवरूनच आलं.

मी घेतलेल्या जोडीवर प्लेट नव्हती. दुकानदार 'जोंगाचा आहे' म्हणाला, त्याचा पोरगा 'एकटनीचा' म्हणाला. मी दोघांकडे दुर्लक्ष करून रेशो स्वतः मोजला. तुम्हीही मोजाच, ते सोपं आहे. एका बाजूचं हब कोणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसऱ्या बाजूचं हब बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. एक बाजू अडकलेली असताना डिफरेन्शियल सुट्या बाजूच्या दोन फेऱ्यांना क्राउनचा एकच फेरा देतं, म्हणून आकडा थेट रेशोचा येतो. माझा चार फेरे आणि वर जरासा, म्हणजे 4.1. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचा आकडा सारखा आला पाहिजे. नाही आला तर ती जोडी नाही, दोन अनोळखी माणसं आहेत. फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केसच्या आत त्यांची मारामारी होणार.

तर 4.88 चा झाला 4.1 आणि 29 चे टायर झाले 33. दगडावर चढायला टायरच्या कडेशी तेवढाच जोर हवा असेल, तर मोठ्या टायरमुळे ॲक्सलला 14 टक्के जास्त पीळ लागतो, आणि गोळा आधीपेक्षा कमी गुणतो म्हणून शाफ्टला आणखी 19 टक्के. दोन्हीचा गुणाकार केला की शाफ्टवरचा पीळ आधीच्या 1.35 पट होतो. आधी एवढा पीळ यायच्या आतच हाफ शाफ्ट तुटायचा, फ्यूजसारखा. आता तो तुटत नाही, म्हणून जोर पुढच्या कच्च्या दुव्यावर सरकतो. साखळीतली एक कडी जाड केली की तुटण्याची जागा बदलते, एवढंच. तरीपण 35 टक्क्यांनी क्रॉस दोन महिन्यांत मरत नाही. ओढ्यात तुटला असता तर एक वेळ समजलं असतं. माझे तीन क्रॉस सरळ डांबरी रस्त्यावर गेले.

चुकीच्या वाटा

पहिला तुटला दिवाळीनंतर. मेकॅनिक म्हणाला, 'लोकल माल आहे.' पटलं. चांगल्या कंपनीचा घातला, साडेसहाशेचा. जानेवारीत तोही गेला.

दुसऱ्या वेळी क्रॉस बदलल्यावर गुणगुण एकदम वाढली. चाळीसलाच आरसा असा थरथरायचा की मागच्या एका बसच्या दोन दिसायच्या. ही मात्र मेकॅनिकची करणी होती. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि दाते असलेल्या सरकत्या जोडात एकमेकांत बसतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे योक, एकाच पातळीत यायला हवेत. त्याने जोड सुटा करून ग्रीस भरलं आणि परत घालताना एक-दोन दात पुढे घातला. काटे एकमेकांना तिरपे झाले. शाफ्ट जमिनीवर ठेवून टोकाकडून एका डोळ्याने पाहिलं तर लगेच दिसतं. जोड सुटा करण्याआधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीची खूण करा. खडूची नको, ग्रीसमध्ये पुसली जाते. त्यावरून आमचं वाजलं, मी शाफ्ट बरोबर बसवून घेतला, गुणगुण पहिल्याइतकी झाली आणि मला वाटलं, सुटलो. होळीच्या आसपास तिसरा गेला.

मग शाफ्ट बॅलन्स करायला दिला. लेथवाल्याने वजनाची चकती चिकटवून दिली. गुणगुण जशीच्या तशी.

इथे थोडं डोकं लावलं असतं तर बॅलन्सिंगचे पैसे वाचले असते. 33 इंची टायर एका फेऱ्यात साधारण 2.63 मीटर जातो. 60 च्या वेगाला चाक सेकंदाला सहाच्या वर फेरे घेतं. 4.1 ने गुणलं की शाफ्ट सेकंदाला 26 वेळा फिरतो. टायर किंवा रिमचा दोष असेल तर हादरा सेकंदाला सहा वेळा, म्हणजे स्टिअरिंग हातात नाचतं. शाफ्टचं बॅलन्स गेलं असेल तर 26 वेळा. आणि क्रॉसच्या अँगलचा दोष असेल तर 52 वेळा, कारण वाकड्या अँगलमध्ये फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. 52 म्हणजे हादरा वाटतच नाही, जुन्या फ्रीजसारखा घुमणारा आवाज वाटतो. फोनमध्ये कंपनं मोजणारं ॲप टाकून फोन सीटच्या पत्र्यावर ठेवा, आलेखात टोक 26 वर येतं की 52 वर ते दिसतं. माझं 52 वर होतं. हे सगळं चौथ्या क्रॉसनंतर केलं, हे वेगळं सांगायला नको.

काकांनी काय पाहिलं

मित्राचे वडील ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेत, आयुष्यभर लष्कराच्या गाड्यांखाली झोपलेला माणूस. पुलावरच्या प्रकारानंतरच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जुने क्रॉस कुठायत?"

सुदैवाने फेकले नव्हते, डिकीत डबाभर पडले होते. काकांनी वर्तमानपत्र पसरलं, रॉकेलने एकेक धुतला आणि दोन ढीग केले.

"हे सगळे पुढच्या टोकाचे ना? ट्रान्सफर केसकडचे?"

होय. चारही वेळा पुढचाच तुटला होता. मागचा, गोळ्याकडचा, मी प्रत्येक वेळी 'आता खोललंच आहे तर' म्हणून बदलत होतो.

"मग मागच्याचा कप बघ."

बघितला. वरून नवाकोरा. पण कपाच्या आत ज्या खुंटावर नीडल (बेअरिंगच्या बारीक सळया) फिरतात तिथे उभ्या बारीक रेघा उमटल्या होत्या, नखाला लागतील अशा, एकेका नीडलची एकेक रेघ. पुढच्या क्रॉसची गोष्ट उलटी: खुंट सगळीकडून घासलेला, एका बाजूला निळसर पडलेला, कपाचा तळ खरवडलेला.

काका म्हणाले, "पुढचा कामाने मेलाय आणि मागचा बसून बसून. अरे, क्रॉसला थोडा अँगल लागतो. सरळ रेषेत ठेवलास तर नीडल जागच्या हलत नाहीत, एकाच ठिकाणी ठोके बसतात आणि खड्डे पडतात. मागच्याला तू अँगलच दिलेला नाहीस. सगळा पुढच्याच्या बोडक्यावर."

सेकंदभरात निदान झालं. मी सात महिने तुटलेला तुकडा नुसता डब्यात टाकत होतो आणि न तुटलेल्याकडे बघतही नव्हतो.

अँगलची भानगड

साध्या शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात. पुढचा क्रॉस अँगलमुळे शाफ्टचा वेग मागेपुढे करतो. मागच्या टोकाला तेवढाच अँगल असेल तर तो त्याच वेळी उलटं मागेपुढे करतो आणि पिनियनपर्यंत वेग पुन्हा सरळ पोहोचतो. म्हणून नियम एकच: ट्रान्सफर केसच्या शाफ्टची रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात, मधला शाफ्ट कितीही उतरता असो. (कितीही म्हणजे अगदी कितीही नव्हे, त्यावर येतो.)

माझ्या फॅब्रिकेटरने ॲक्सलवर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पॅड वेल्ड करताना पिनियनचं नाक थेट ट्रान्सफर केसकडे रोखलं होतं. दिसायला एकदम बरोबर दिसतं, शाफ्ट भाल्यासारखा सरळ गोळ्यात घुसतो. असं त्याने एका अमेरिकन जीपच्या व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओ खोटा नव्हता. त्या गाडीच्या शाफ्टला ट्रान्सफर केसकडच्या टोकाला डबल कार्डन होतं, म्हणजे एका टोकाला दोन क्रॉस जोडीने, जे आपापसातच वेग सरळ करून घेतात. तसा शाफ्ट असेल तर पिनियन तिकडेच रोखायचं असतं. माझ्याकडे साधा शाफ्ट होता. अँगल एका शाफ्टचा आणि शाफ्ट दुसराच.

मोजायला मॅग्नेटवाला डिजिटल अँगल गेज घेतला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फोननेही चालतं, फक्त कव्हर काढा. गाडी चारही चाकांवर उभी हवी, नेहमीचं सामान आत हवं. चासीखाली घोडे लावून ॲक्सल लोंबकळत ठेवून मोजलं तर आकडा बिनकामाचा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार आहे, त्याचं काय करायचं या विचारात मी अर्धा तास घालवला. काही करायचं नसतं. तिन्ही आकड्यांत तो उतार सारखाच मिसळतो आणि वजाबाकीत निघून जातो.

तीन ठिकाणी गेज लावायचा. ट्रान्सफर केसकडे हँडब्रेकच्या ड्रमचं सपाट तोंड, मध्ये शाफ्टची नळी, मागे पिनियनच्या फ्लँजचं तोंड. ड्रम आणि फ्लँजचं तोंड रेषेला काटकोनात असतं, त्यामुळे आकडा 90 मधून वजा करायला विसरू नका. माझे आकडे (उतार मागच्या बाजूला): ट्रान्सफर केस 4 अंश, शाफ्ट 13, पिनियन 12. म्हणजे पुढच्या क्रॉसला 13 वजा 4, नऊ अंश, मागच्याला एक. नऊ अंशांत शाफ्टचा वेग सव्वा टक्का वर आणि सव्वा टक्का खाली होतो. ऐकायला किरकोळ, पण 60 च्या वेगाला सेकंदाला 52 वेळा, आणि मागे तो पुसून काढायला कोणी नाही.

वरूनही एकदा बघा. जुन्या जीपचा ट्रान्सफर केसचा फ्लँज मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. दुसऱ्या गाडीच्या ॲक्सलचा गोळा त्याच रेषेत येईलच असं नाही. दोन्ही रेषा सरळ मागे जात असतील तर त्या समांतरच राहतात, गुणगुण येत नाही, पण क्रॉसचा एकूण अँगल वाढतो. आखूड शाफ्टला दोन-तीन इंचांचं सरकणंही महागात पडतं.

फरशीवरचा खडू

मला वाटलं, झालं. पॅड कापायचे, पिनियनचं नाक 12 वरून 4 वर आणायचं, वेल्ड मारायचं, घरी. मानखुर्दच्या गॅरेजमध्ये ग्राइंडर हातात घेतलेल्या पोराला काकांनीच थांबवलं.

"नाक खाली आणलंस की शाफ्टचं मागचं टोक पण खाली जाणार ना? मग शाफ्ट अजून उतरता होणार. आधी काढून बघ."

खडूने फरशीवरच काढलं, खऱ्या मापाचं. ॲक्सलच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत पिनियन 11 इंच, शाफ्ट 26 इंच. नाक 12 वरून 4 वर आणलं की क्रॉसची जागा दीड इंच खाली जाते, आणि 26 इंचांच्या आखूड शाफ्टला दीड इंच म्हणजे साडेतीन अंश. शाफ्ट 13 वरून साडेसोळावर. दोन्ही क्रॉसना साडेबारा-साडेबारा. समांतर, गुणगुण बंद, आणि तरीही क्रॉस लवकर जाणार, कारण मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर एवढा अँगल रोजच्या धावण्याला जास्त आहे. अशा वेगाला दोन्ही अँगल सात-आठच्या आत असले तर क्रॉस जगतो.

म्हणजे गाडीची उंचीच जास्त होती. मी पाटे ॲक्सलच्या वर घेतले होते आणि वर हौसेने पाटे टांगायचे लांब शॅकलही लावले होते. दिसायला मस्त. ते लांब शॅकल काढले, गाडी मागून सव्वा इंच खाली आली. ट्रान्सफर केसच्या आडव्या मेंबरखाली सव्वा इंचाचे स्पेसर घातले, त्याने ट्रान्सफर केस खाली आला आणि मागे झुकलाही, 4 चे 6 अंश झाले. फॅनचं काउलिंग, एक्झॉस्ट आणि गिअरचे दांडे कुठे टेकतात का ते मात्र बघावं लागलं. लो रेंजचा (जास्त जोर, कमी वेग देणाऱ्या गिअरचा) दांडा खरोखरच पत्र्याला टेकला, भोक वाढवलं. या दोन गोष्टींनंतर खडूच्या रेघा पुन्हा काढल्या: पिनियन 4 अंशांवर ठेवलं तर शाफ्ट 11 वर येतो. पुढचा क्रॉस 5, मागचा 7.

5 आणि 7 समान नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. पाटे असलेल्या मागच्या ॲक्सलला ॲक्सिलरेटर दिला की गोळा उलटा फिरायला बघतो आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत नाक दीड-दोन अंश खाली ठेवायचं, म्हणजे ओढताना ते समांतर येतं. माझे पाटे साधारण दोन अंश देतात. हे तपासायलाही काकांचीच युक्ती: पुढची चाकं भिंतीला लावायची, फोन पिनियनकडे तोंड करून खाली ठेवून व्हिडिओ लावायचा आणि लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडून गाडीला ताण द्यायचा. क्षणभरच, आणि गाडीच्या पुढे किंवा खाली कोणी नको. आधीच्या व्हिडिओत माझं नाक सहा-सात अंश उचललं जात होतं. कारण निघालं तिसरा पाटा, सेंटर बोल्टपाशी तुटलेला, क्लिपमध्ये अडकून शहाण्यासारखा बसलेला. वरून कधीच दिसला नसता. पाटा बदलला, शॅकलचे बुश बदलले आणि यू-बोल्ट नवे घातले. यू-बोल्ट एकदा ताणले की ताणले, काढलेले परत वापरू नका, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

तीन-चार अंशांचाच फरक असेल तर कापाकापी नको. पाटा आणि पॅड यांच्यामध्ये लोखंडी पाचर घाला, सेंटर बोल्ट लांब घ्या. ॲल्युमिनियमची पाचर स्वस्त मिळते, पण आर्मीच्या ॲक्सलच्या वजनाखाली चिरडते. माझा फरक आठ अंशांचा, तिथे पाचर चालत नाही.

वेल्डिंगबद्दल एकच, पण महत्त्वाचं. आधी नुसते टाके मारा, गाडी चाकांवर उतरवा, तिन्ही आकडे पुन्हा मोजा, मगच भरा. भरताना बोट-दोन बोट मारायचं, मग दुसऱ्या बाजूचं. एका दमात मारलं तर हौसिंगची नळी वाकते आणि मग सील गळायला लागतात. हाफ शाफ्ट आधी बाहेर काढा. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा. हबवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या रोलरवर डाग पडतात. बॅटरीची वायर काढा.

पुढचा ॲक्सल, सील आणि कागद

पुढच्या ॲक्सलला हे जसंच्या तसं करू नका. तिथे गोळा फिरवला की किंगपिनचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागचा झुकाव, तोही फिरतो. पिनियनसाठी नाक उचललं तर कॅस्टर कमी होतो आणि स्टिअरिंग वळणावरून सरळ परत येत नाही. पुढे कॅस्टरला मान द्यायचा. पुढचा शाफ्ट बहुतेक वेळ मोकळाच असतो, लो रेंजमध्ये थोडा वाकडा फिरला तरी निभतं.

काहींना क्रॉसऐवजी पिनियनचं सील सारखं गळण्याचा त्रास असतो. सील बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट, बघा. आर्मीच्या ॲक्सलवर हिरव्या रंगाचे इतके थर असतात की ब्रीदरचं भोक रंगानेच बंद झालेलं असतं. माझं होतं. तापलेला ॲक्सल हिंदमाताच्या पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते, ब्रीदर बंद म्हणून ती सीलमधून पाणी ओढते. तेल चहासारखं दिसलं तर समजा. ब्रीदर साफ करून त्याला रबरी नळी लावली आणि टोक मागच्या दिव्याच्या उंचीला नेऊन बांधलं.

शाफ्टला पुढच्या टोकाजवळ लोखंडी पट्टीचं कडं घाला. तिसऱ्या क्रॉसनंतर मी घातलं होतं. पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडतं, आणि ते खड्ड्यात रुतलं तर गाडी बांबूउडी मारते. पुलावर टोक त्या कड्यात अडकून नुसतं आपटत राहिलं, म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की उत्पादकाने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ॲक्सल, टायर, रुंदी हे सगळं त्यात येऊ शकतं, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिलं तेच काढते. ॲक्सल विकत घेण्याआधी जाऊन विचारा. मी आधी ॲक्सल घेतला, मग विचारलं. आता ही जीप ट्रेलरवरून कर्जतला जाते आणि तिथे खाजगी जागेतच फिरते. ट्रेलरचं भाडं दरवेळी बोचतं.

दोन पावसाळे झाले, क्रॉस तेच आहेत. दर मोहिमेनंतर पाण्यातून आलेली गाडी म्हणून ग्रीस मारतो, चारही कपांतून जुनं बाहेर येईपर्यंत. शेवटचं ग्रीसिंग केलं तेव्हा मागचा क्रॉस मुद्दाम खोलून पाहिला. खुंटावर एकसारखी चकाकी आहे, नखाला काही लागत नाही. एक गोष्ट मात्र राहिली आहे. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की नाक दोन अंश खाली येतं आणि ती गुणगुण हलकीशी परत येते. पाय ठेवला की जाते. ती तशीच राहू दिली आहे.